कॉइल वारंवार कां जळते?

या सदरांत आजवर विहिरीवरील पंप, शिवणयंत्र, भिंतीवरील घड्याळ अशा घरोघर आढळणाऱ्या यंत्रांचा विचार झाला. त्या सर्व लेखांतून एकच सूत्र ओंवलेलें होतें, आणि तें हें कीं, बिघडलेला भाग बदलणें म्हणजे बिघाड दूर करणें नव्हे. भाग बिघडला हें कार्य होय. तो कां बिघडला हें कारण होय. कारण जागच्या जागीं राहिलें तर तेंच कार्य पुनः पुनः उत्पन्न होणार, हें तर्कसंग्रहाचीं पहिलीं चार पानें वाचलेल्या विद्यार्थ्यासही ठाऊक असतें. परंतु व्यवहारांत हा धडा आपण हटकून विसरतों, आणि मग चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा प्रसंग येतो. या महिन्यांत आपण ज्या यंत्राकडे वळणार आहों, त्यांत अशा संन्याशाचें नांव ‘इग्निशन कॉइल’ असें आहे.

पुष्कळ कुटुंबांत वडिलांनीं किंवा थोरल्या बंधूंनीं हौसेनें घेतलेली एखादी जुनी मोटार अद्यापि अंगणांत उभी असते. नव्या पिढीच्या हातीं नवी गाडी आलेली असली, तरी ती जुनी मोटार विकावयास कोणाचें मन घेत नाहीं. अशा मोटारींत आमच्या वऱ्हाडांत तरी पहिला मान ‘पद्मिनी’चा. सोलापुरास जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली व मुंबईजवळ कुर्ल्यास तिचा कारखाना उभारला. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार होऊन १९५४ पासून ‘फियाट ११००’ ही गाडी येथें होऊं लागली. १९६४ सालीं तिचें ‘डिलाइट’ हें रूप आलें. १९७२ सालीं तीच ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें ओळखली जाऊं लागली. २००० सालच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. मुंबईच्या रस्त्यांवरील काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिनें आणखी कांहीं वर्षें काढलीं. आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, वीस वर्षांची मुदत संपल्यामुळें, तेथूनही ती टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. मात्र खासगी मालकांकडे, नोंदणीचें वेळोवेळीं नूतनीकरण करून घेऊन, पद्मिनी अजून धांवत आहेत. आमच्या बुलढाण्याच्या घरींही एक आहे. १९८९ सालीं ती माझ्या थोरल्या बंधूंनीं घेतली. ते आज हयात नाहींत. परंतु वहिनी तिला अजून ‘ह्यांची गाडी’ असेंच म्हणतात.

आतां कॉइल म्हणजे काय व ती कोणतें कार्य करते, तें थोडक्यांत सांगतों. पेट्रोलच्या इंजिनांत हवा व पेट्रोल यांचें मिश्रण पेटविण्यास ठिणगी लागते. प्लगाच्या दोन टोंकांमधील फट ओलांडून ठिणगी पाडावयाची तर विजेचा दाब दहा-पंधरा हजार व्होल्ट, आणि कधीं कधीं त्याहूनही अधिक, असावा लागतो. गाडीची बॅटरी तर बारा व्होल्टांची. बाराचे पंधरा हजार करण्याचें काम कॉइल करते. तिच्या डब्यांत मऊ लोखंडाच्या पट्ट्यांच्या गाभ्याभोंवतीं दोन तारा गुंडाळलेल्या असतात: एक जाड तार, तिचे वेढे कांहीं शेंकडे, दुसरी केसासारखी बारीक, तिचे वेढे कित्येक हजार. जाड तारेंतून बॅटरीचा प्रवाह वाहूं लागला म्हणजे गाभा चुंबक बनतो. तो प्रवाह एकदम तोडला कीं चुंबकत्व क्षणांत मावळतें, आणि त्या मावळण्यानें बारीक तारेंत अतिशय उंच दाबाची वीज उत्पन्न होते. फॅराडे यानें १८३१ सालीं शोधलेला प्रेरणाचा नियम तो हाच. प्रवाह जोडणें व तोडणें हें काम डिस्ट्रिब्यूटरमधील ‘पॉइंट’ करतात, आणि तोडतांना पॉइंटांवर ठिणगी उडूं नये म्हणून शेजारीं कंडेन्सर बसविलेला असतो. बॅटरी, कॉइल व पॉइंट यांची ही रचना अमेरिकेंतील केटरिंग नांवाच्या यंत्रज्ञानें १९१० च्या सुमारास मोटारीसाठीं सिद्ध केली, आणि पाऊणशें वर्षें जगांतील बहुतेक मोटारी तिच्यावरच चालल्या. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास तीन हजार फेरे करीत असतां कॉइलला सेकंदास शंभर ठिणग्या द्याव्या लागतात. इतकें कष्टाचें काम करूनही चांगली कॉइल वीस-वीस वर्षें टिकते. कारण तींत झिजणारा, फिरणारा असा एकही भाग नाहीं. हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. जी वस्तु स्वभावतः दीर्घायु आहे ती वर्षांत तीनदां मरूं लागली, तर दोष तिच्या आयुर्दायाचा नसून तिच्या परिस्थितीचा आहे, असें अनुमान प्रथमदर्शनींच करावयास हरकत नाहीं.

आमच्या घरीं नेमकें हेंच घडलें. एप्रिल २०२४ मध्यें मलकापुरास रेल्वे गांठण्यासाठीं निघालेली गाडी राजूर घाटांत बंद पडली. कॉइल गेली होती. ती वीस वर्षांहून अधिक काळ चाललेली होती, तेव्हां कोणास विशेष वाटलें नाहीं. बुलढाण्याच्या मिस्त्रींनीं बाजारांतून नवी आणून बसविली. दोन महिन्यांनीं, जूनमध्यें, वहिनींच्या डोळ्याची शस्त्रक्रिया आटोपून मंडळी अकोल्याहून परत येत असतां, बोथ्याच्या जंगलांतील चढावर ही दुसरी कॉइल गेली. दिवस मावळलेला, भोंवतीं ज्ञानगंगा अभयारण्य, गाडींत डोळ्यावर पट्टी बांधलेली सत्तरीची बाई, आणि मोबाईलला धड संदेशही मिळेना. बिबट्या-अस्वलांच्या त्या रानांत मंडळींनीं दीड तास कांचा मिटून काढला. मग एका मालमोटारीच्या चालकानें दोर बांधून गाडी खालीं आणली. तिसरी कॉइल बसविली गेली. पावसाळ्यांत गाडी फारशी निघाली नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें, ऐन थंडींत, चिखलीच्या आठवडी बाजाराच्या गर्दींतून गोगलगाईच्या गतीनें जातांना तीही जळाली. बाहेर काढली तेव्हां तिच्या तोंडाशीं तेल पाझरलेलें होतें.

येथपर्यंत हा केवळ खर्चाचा व खोळंब्याचा प्रश्न होता. परंतु एकत्र कुटुंबांत कोणतीही वस्तु एकटी बिघडत नाहीं. तिच्याबरोबर माणसेंही बिघडतात. थोरल्या पुतण्यानें स्पष्ट सांगितलें कीं, ज्या गाडीनें आईला रानांत बसविलें ती गाडी आतां भंगारांत घालावी. धाकट्याचें म्हणणें असें कीं, गाडी निर्दोष आहे. मिस्त्री नकली माल लावून पैसे खातो. हे मिस्त्री व त्यांच्या आधीं त्यांचे वडील असे दोघे मिळून तीस वर्षें आमच्या गाडीची देखभाल करीत आले. त्यांचें येणें बंद झालें, आणि लहान गांवांत व्हावें तसें त्यांच्याविषयींचें बोलणें दुसऱ्या दोन-तीन घरांतही पोहोंचलें. एके दिवशीं ते मला वाटेंत भेटले व म्हणाले, “गुरुजी, खोटा माल मी लावला नाई. दुकानदारानं जे देलं तेच लावलं. पण आता लोकं गाडी आणाले कचरतात.” कष्टानें मिळविलेली अन्नाची वाट ज्याची बंद होऊं लागली आहे, त्याच्या या शब्दांस उत्तर देणें भाग होतें. आणि उत्तर द्यावयाचें तर खरें कारण शोधणें भाग होतें.

माधवकराच्या ‘रुग्विनिश्चय’ या वैद्यकग्रंथांत रोगज्ञानाचीं पांच साधनें सांगितलीं आहेत: निदान म्हणजे रोगाचा हेतु, पूर्वरूप म्हणजे रोगाआधीं दिसणारीं चिन्हें, रूप म्हणजे प्रत्यक्ष लक्षणें, उपशय म्हणजे औषध देऊन उतार पडतो कीं नाहीं हें पाहणें, आणि संप्राप्ति म्हणजे रोग कसकसा वाढत गेला त्याचा क्रम. मनुष्यदेहासाठीं लावलेली ही पद्धति यंत्रासही बरोबर लागू पडते. आमच्या घरीं मंडळींनीं रूप तेवढें पाहिलें, आणि एकदम औषध दिलें. बाकीचीं साधनें हातांत घेतल्यावर काय दिसलें तें पाहा.

प्रथम लोकमताचा विचार करूं. बहुतेकांचें मत असें पडलें कीं, हा वऱ्हाडच्या उन्हाचा प्रताप आहे. वैशाखांत मलकापूर-नांदुऱ्याकडे पारा चव्वेचाळीसवर जातो. कॉइल न जळेल तर काय? या मतास न्यायशास्त्रांतील अन्वय व व्यतिरेक या दोन कसोट्या लावाव्या. जेथें ऊन तेथें कॉइल जळते, हा अन्वय एप्रिल व जून या दोन वेळां जुळतो. परंतु जेथें ऊन नाहीं तेथें ती जळूं नये, हा व्यतिरेक जुळत नाहीं. कारण तिसरी कॉइल ऐन थंडींत जळाली. शिवाय पहिली कॉइल वऱ्हाडांतले वीस उन्हाळे सोसून जिवंत होती. तेव्हां ऊन हें सहकारी कारण असेल, मूळ कारण नव्हे. ‘नकली माल’ या मताची गतही तीच. दुसरी व तिसरी या दोन कॉइली निरनिराळ्या कंपन्यांच्या होत्या. दोन्ही सारख्याच रीतीनें मेल्या, तर त्या दोघींना समान असें कांहीं तरी शोधलें पाहिजे.

मग पूर्वरूपाकडे वळलों. मिस्त्रींना मुद्दाम घरीं बोलावून विचारलें, तेव्हां एक गोष्ट समजली, जी त्यांनीं पूर्वीं सांगितली होती, पण कोणी कानावर घेतली नव्हती. दुसरी कॉइल बसविल्यावर गाडी पूर्वीपेक्षां सुरेख सुरू होऊं लागली होती. सकाळीं अर्ध्या फेऱ्यांत इंजिन पेट घेई. परंतु महिन्याच्या आंत पॉइंट निळे पडून त्यांवर खड्डे पडले. त्यांनीं नवे पॉइंट घातले, ते तसेच जळाले. पॉइंट जळणें हें कंडेन्सर बिघडल्याचेंही लक्षण असतें, म्हणून त्यांनीं कंडेन्सर बदलला. तरी फरक पडला नाहीं. हाच उपशय. औषध देऊन उतार पडला नाहीं, यावरून कंडेन्सर दोषमुक्त ठरला. आतां सारासार पाहा: ठिणगी अधिक जोरकस, पॉइंट अधिक जळके, कॉइल अधिक तापलेली. या तिन्ही लक्षणांचा अर्थ एकच निघतो, तो हा कीं, जाड तारेंतून जावयाचा त्याहून अधिक प्रवाह जात आहे.

अधिक प्रवाह जाण्याचीं कारणें दोनच संभवतात: एक तर दाब अधिक असावा, नाहीं तर तारेचा विरोध कमी असावा. तिसरें कारण नाहीं. दाब पाहण्यासाठीं गाडींत तात्पुरती एक कॉइल बसवून, इंजिन जरा वेगानें चालवून, बॅटरीच्या दोन टोंकांवर मल्टिमीटर लावला. काम थोरल्या पुतण्याच्या पत्नीनें केलें. सूनबाई कनिष्ठ महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितात, आणि हें साधन त्यांच्या हातांतलें आहे. दाब १४.१ व्होल्ट भरला. साडेतेरा ते साडेचौदा हा योग्य दाब होय. तेव्हां दाबाकडे बोट दाखवितां येईना. उरला विरोध.

येथें वहिनींच्या काटकसरीचा मोठाच उपयोग झाला. जुनी वस्तु टाकून द्यावयाची नाहीं, असा त्यांचा शिरस्ता. त्यामुळें २०२४ सालीं निघालेली मूळ कॉइल व नंतरच्या दोन्ही जळक्या कॉइली माळ्यावरच्या डब्यांत जुन्या कापडांत गुंडाळून ठेवलेल्या होत्या. कॉइल पुष्कळदां बारीक तारेचें आवरण फुटून मरते. जाड तार तशीच शाबूत राहते, आणि तिचा विरोध मेल्यावरही मोजतां येतो. सूनबाईंनीं प्रथम मल्टिमीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींस टेंकवून पाहिल्या. काड्यांचाच विरोध ०.३ ओहम निघाला. तो वजा करून मूळ कॉइलचा विरोध ३.२ ओहम भरला. नंतरच्या दोन्ही कॉइलींचा भरला दीड, दीड ओहम.

गुपित उघडें पडलें. बाजारांत कॉइली दोन जातींच्या असतात. एका जातीचा विरोध सुमारें तीन ओहम. ती बारा व्होल्टांवर थेट चालते. दुसऱ्या जातीचा विरोध सुमारें दीड ओहम. ती बाहेर जोडलेल्या एका विरोधकासह, ज्यास मिस्त्री लोक ‘बॅलास्ट रेझिस्टर’ म्हणतात त्यासह, वापरावयाची असते. गाडी चालू असतां तो विरोधक दाबाचा कांहीं हिस्सा स्वतःवर घेतो व कॉइलला बेताचाच दाब देतो. गाडी सुरू करतेवेळीं मात्र, स्टार्टरच्या ओढीनें बॅटरीचा दाब उतरलेला असतो म्हणून, विरोधकास वगळून पूर्ण दाब कॉइलला मिळेल अशी योजना असते. युक्ति उत्तम आहे. परंतु ती ज्या गाडींत आहे त्याच गाडीसाठीं. आमच्या गाडींत असा विरोधक नव्हता. दोन्ही जातींच्या कॉइली बाहेरून सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात: तोच डबा, तींच दोन टोंकें, तोच मधला मनोरा. दुकानदारानें हाताला लागली ती दिली, मिस्त्रींनीं दिली ती लावली.

फरक किती पडतो, तें साध्या गणितानें कळेल. इंजिन चालू असतां दाब चौदा व्होल्ट धरला, तर ३.२ ओहमच्या कॉइलमधून पॉइंट मिटलेले असतां जास्तींत जास्त सुमारें ४.४ अँपिअर प्रवाह जाऊं शकतो व उष्णता ६१ वॅट निघते. दीड ओहमच्या कॉइलमधून ९.३ अँपिअर, आणि उष्णता सुमारें १३० वॅट. म्हणजे दुपटीहून अधिक. प्रत्यक्षांत पॉइंट सर्व वेळ मिटलेले नसतात, आणि प्रवाहासही पूर्ण उंचीस पोहोंचण्यास थोडा वेळ लागतो, म्हणून खरी उष्णता याहून कमी असते. परंतु प्रमाण हेंच राहतें. आणि येथेंच संप्राप्तीचाही उलगडा होतो. इंजिन वेगानें फिरतें तेव्हां पॉइंट इतक्या झटपट उघडतात कीं, प्रवाह पूर्ण चढण्यास अवसर मिळत नाहीं. इंजिन मंद फिरतें तेव्हां तो अवसर भरपूर मिळतो, आणि वारा लागून थंड होण्याची सोयही कमी असते. म्हणून कॉइल मोकळ्या सडकेवर धांवतांना मेली नाहीं. एकदां घाटाच्या रखडत्या चढावर मेली, आणि एकदां बाजारांतल्या गर्दींत. ऊन असो वा थंडी, दोन्ही प्रसंगीं गाडीची गति मंद होती. हें खरें समान लक्षण.

मग पहिली कॉइल कां गेली? तिची जात तर योग्य होती. या प्रश्नाचें उत्तर निराळें आहे, आणि एकच कार्य दोन निरनिराळ्या कारणांनीं घडूं शकतें याचें तें उत्तम उदाहरण आहे. आमच्या गाडींत मोबाईलला वीज देणारी खांच किल्लीच्या तारेवरून घेतलेली होती. मार्च-एप्रिलमध्यें घरांतील मुलें संध्याकाळीं अंगणांत गाडींत बसून, किल्ली फिरवून, मोबाईलला वीज देत व गाणीं ऐकत. इंजिन बंद, किल्ली चालू, आणि पॉइंट जर मिटलेल्या स्थितींत थांबले असतील तर कॉइलमधून अखंड प्रवाह. बारा व्होल्ट व ३.२ ओहम या हिशेबानें ४५ वॅटची उष्णता बंद डब्यांत तास-दीड तास कोंडली जाते; एखादी डाग लावण्याची कैया डब्यांत ठेवून झांकण लावावें, तसा हा प्रकार. चालतीच्या वेळीं निदान प्रवाह खंडित तरी होतो. येथें तोही विसावा नाहीं. वीस वर्षांच्या जुन्या कॉइलला हें सोसलें नसावें. मुलांना कोणी रागें भरलें नाहीं. खांच मात्र वेगळ्या तारेनें, फ्यूज घालून, बॅटरीवरून घेतली. जेथें चूक होण्यास जागाच उरत नाहीं तेथें उपदेशाचीही गरज उरत नाहीं.

उपाय अर्थातच सोपा ठरला. अकोल्याहून तीन ओहमची कॉइल आणविली; दुकानांतच मल्टिमीटर लावून पाहिली व मगच घेतली. नवे पॉइंट घातले. फेब्रुवारी २०२५ पासून तीच कॉइल आहे. त्या वर्षींचा अख्खा उन्हाळा तिनें काढला, राजूरचा घाट कैक वेळां चढली. प्रवासानंतर इंजिन बंद करून हात लावला तर ती चांगली गरम लागते, परंतु हात ठेववतो. पूर्वींच्या दोघींवर बोटही क्षणभर टेंकवत नसे. कॉइल मिस्त्रींनींच बसविली, आणि धाकट्या पुतण्यानें त्यांच्या दुकानीं जाऊन, चार माणसांदेखत, “मिस्त्री, आमचा तुमच्यावरचा संशय खोटा होता,” असें सांगितलें. हें त्यानें आपण होऊन केलें. मिस्त्रींनींही आतां मल्टिमीटर घेतला आहे, आणि कोणतीही कॉइल मोजल्याशिवाय ते बसवीत नाहींत.

ज्या वाचकांच्या घरीं असाच प्रकार घडत असेल, त्यांच्यासाठीं तपासणीचा क्रम देतों. प्रत्येक घरचें कारण आमच्यासारखेंच असेल असें नाहीं. म्हणून क्रम सोडूं नये.

पहिली गोष्ट, जळालेली कॉइल टाकूं नये. तिच्या तारा सोडवून, ती थंड असतां, दोन लहान टोंकांमधील विरोध मोजावा व गाडीच्या पुस्तिकेंतील आंकड्याशीं ताडून पाहावा. डब्यावर ‘बाहेरील रेझिस्टरसह वापरावी’ अशा अर्थाचा शिक्का असेल आणि गाडींत तो रेझिस्टर नसेल, तर पुढें शोधण्याचें कारणच नाहीं. उलट गाडींत मुळापासून रेझिस्टर असेल व कोणी तो ‘निरुपयोगी’ म्हणून काढून टाकला असेल, तरी परिणाम तोच.

दुसरी गोष्ट, बॅटरीवरील दाब. इंजिन वेगानें चालत असतां तो पंधरा व्होल्टांच्या वर जात असेल, तर दोष रेग्युलेटरचा आहे. बॅटरींतील पाणी लौकर लौकर आटणें, दिवे वरचेवर जाणें, हीं याचीं पूर्वरूपें. जुन्या डायनॅमोच्या गाड्यांत हा दोष विशेष आढळतो. दाब सोळा झाला तर तीन ओहमच्या योग्य कॉइललाही ८५ वॅटपर्यंत ताप सोसावा लागतो.

तिसरी गोष्ट, ठिणगीची वाट. प्लगची फट झिजून फार वाढली असेल, किंवा प्लगकडे जाणारी एखादी जाड तार आंतून तुटली असेल, तर उत्पन्न झालेल्या उच्च दाबास बाहेर पडण्यास मार्ग मिळत नाहीं. मग तो कॉइलच्या आंतच आवरण भेदून मार्ग करतो. एकदां तेथें वाट पडली कीं कॉइल संपली. याच कारणास्तव ठिणगी पाहण्यासाठीं प्लगची तार काढून अधांतरीं लोंबत ठेवण्याची जी संवय आहे, ती सोडावी; तारेस तपासणीचा प्लग जोडून तो इंजिनाच्या लोखंडास टेंकवून ठेवावा.

चौथी गोष्ट, कॉइलची जागा. ती इंजिनाच्या तप्त भागास लागून नसावी, तिचा पट्टा सैल नसावा व डबा चेपेल इतका आवळलेलाही नसावा. मनोऱ्यावर धूळ-तेलाचा थर बसला असेल तर पुसावा. त्यावर काळी रेघ उमटलेली दिसली तर ती ठिणगी बाहेरून पळाल्याची खूण आहे, आणि अशी कॉइल बदललेलीच बरी. पॉइंट काढून त्यांच्या जागीं इलेक्ट्रॉनिक रचना बसविली असेल, तर त्या रचनेस कोणती कॉइल चालते तें तिच्या कागदावर पाहावें. एकीची कॉइल दुसरीस लावणें हेंच पुष्कळ ठिकाणीं घाताचें मूळ असतें.

एक सावधगिरीची सूचना. इंजिन चालू असतां कॉइलला, तिच्या टोंकांना किंवा प्लगच्या तारांना हात लावूं नये. जाड तारेच्या टोंकावरही प्रवाह तुटतांना दोन-तीनशें व्होल्टांचा झटका बसूं शकतो. मधल्या मनोऱ्याची गोष्ट तर बोलावयासच नको. हृदयविकार असलेल्या मनुष्यानें या कामापासून दूरच राहावें, आणि मुलांना जवळ येऊं देऊं नये.

गाडी भंगारांत घालावी कीं ठेवावी, हा थोरल्या पुतण्याचा प्रश्न मात्र कॉइलच्या उत्तरानें सुटत नाहीं, हें मान्य केलें पाहिजे. समृद्धि महामार्गावरून मेहकराहून नागपूर गांठावयाचें तर नवीच गाडी बरी. आजारी माणसास न्यावयाचें तर विश्वासाचें वाहन हवें, आणि ज्या यंत्रानें एकदां दगा दिला त्यावर मुलानें आपल्या आईला बसवावयास कचरावें, हें योग्यच आहे. आमच्या घरीं असें ठरलें कीं, दवाखान्याचा व रात्रीचा प्रवास नव्या गाडीनें करावा. पद्मिनी गांवांतल्या व जवळच्या फेऱ्यांसाठीं ठेवावी, आणि तिच्या डब्यांत एक मोजून घेतलेली कॉइल, एक पॉइंटांची जोडी व एक कंडेन्सर नेहमीं असावा. वहिनींना हा तोडगा पटला. थोरल्यानेंही पुनः भंगाराचें नांव काढलें नाहीं.

वाचकांनीं यांतून घ्यावयाचें तें इतकेंच. घरांत कोणतीही वस्तु दुसऱ्यांदां त्याच रीतीनें बिघडली, कीं तिसरी आणण्यापूर्वीं थांबावें, आणि कोणावर ठपका ठेवण्यापूर्वीं मोजावें. चार-पांचशें रुपयांचा मल्टिमीटर आज प्रत्येक कुटुंबांत असावा, आणि तो वापरण्यास घरांतील निदान एका मुलानें व एका मुलीनें शिकावें. तीस वर्षांचा ऋणानुबंध तुटावयाचा राहिला तो युक्तिवादानें नव्हे, दीड व तीन या दोन आंकड्यांमधील फरक कळल्यानें.

पुढील अंकीं पावसाळ्यापूर्वीं घरांतील अर्थिंग कशी तपासावी, याचा विचार करूं.